‘अर्थसी’ वाचायची तर सहाही पुस्तकं, आणि छापली त्याच क्रमाने

जादूगार हवेत, ड्रॅगन हवेत, पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशाही हवा. पण हजार-हजार पानांचे खंड नकोत, आणि शेवटच न आलेली मालिका तर नकोच. अशी मागणी असलेल्या वाचकाच्या हातात निःशंकपणे द्यावी अशी एक इंग्रजी मालिका आहे: उर्सुला ले ग्विन यांची ‘अर्थसी’. एकूण सहा पुस्तकं, एकेक साधारण दोनशे ते तीनशे पानांचं. पहिलं १९६८ सालचं, शेवटची दोन २००१ सालची. गोष्ट पूर्ण झालेली आहे आणि तिचा शेवट लेखिकेने स्वतः, सावकाशीने केलेला आहे.

या मालिकेबद्दल नेहमी मिळणारा सल्ला असा असतो: पहिली तीन वाचा, चौथं वेगळंच आहे, ते सोडलं तरी चालेल. हा सल्ला मानू नका. पहिली तीन पुस्तकं उत्तम आहेत, पण ‘अर्थसी’ इतर मालिकांपासून वेगळी ठरते ती चौथ्यापासून. तिथे लेखिका आपणच बांधलेल्या जगाकडे परत येते, त्याचे नियम तपासते आणि ते नियम कुणाच्या सोयीचे होते असं विचारते. आधीचं काहीही खोडून न काढता हे करणं फार कठीण आहे, आणि ते इथे जमलं आहे.

अर्थसी म्हणजे समुद्रात विखुरलेली शेकडो बेटं. मोठा भूभाग कुठेच नाही. दूरच्या कुणाला भेटायचं तर होडी काढायची. ले ग्विनबाईंनी गोष्ट लिहिण्याआधी नकाशा काढला होता आणि वाचताना ते जाणवत राहतं. कोणतं बेट किती दिवसांच्या अंतरावर, कुठला वारा कधी मिळतो, कुठे काय पिकतं, हे सगळं लेखिकेला पाठ आहे. वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ. त्यामुळे सण, नाव ठेवण्याच्या रीती, गाणी, कुणी कुणाच्या हाताखाली काम शिकायचं, हे तपशील सजावटीसाठी आलेले वाटत नाहीत, लोक तसे जगताना दिसतात. आणखी एक गोष्ट भारतीय वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी. इथली बहुतेक माणसं तांबूस-तपकिरी ते काळ्या वर्णाची आहेत. नायक गेड तांबूस-तपकिरी, त्याचा जिवलग मित्र वेच काळाभोर. गोरे आहेत ते पूर्वेकडचे कार्ग, आणि पहिल्याच प्रकरणात गावं जाळत येतात तेही तेच. पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं असूनही कित्येक आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर गोराच मुलगा छापला गेला. मुखपृष्ठ बघून मनात चेहरा पक्का करू नका.

जादूचे नियम या मालिकेत फार नेमके आहेत, आणि गोष्ट त्यांच्यावरच चालते. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव आहे, जुन्या भाषेतलं. ते कळलं की त्या गोष्टीवर सत्ता चालते. म्हणून माणसं खरं नाव लपवतात आणि टोपणनावाने वावरतात. गेडला सगळे स्पॅरोहॉक म्हणतात. पत्रिकेतलं नावरस नाव काही घरांत बाहेर सांगत नाहीत, ती पद्धत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा नियम समजवावा लागणार नाही. फरक इतकाच की इथे खरं नाव सांगणं म्हणजे समोरच्याच्या हाती जीव देणं, आणि म्हणूनच मालिकेत ज्या-ज्या ठिकाणी कुणी कुणाला आपलं नाव सांगतं, तो प्रसंग लढाईपेक्षा मोठा होतो. वेच गेडला आपलं नाव सांगतो ते पान तर खास सावकाश वाचावं.

नावं शिकायची म्हणजे पाठ करायची. रोक बेटावरच्या जादूच्या विद्यापीठातला नावांचा गुरू विद्यार्थ्यांना याद्या देतो आणि मध्यरात्री शाई पुसली जाण्याआधी त्या तोंडपाठ कराव्या लागतात. ताकदीला मर्यादाही तितक्याच ठाम. जादूगाराचा अंमल त्याच्या जवळच्या, ज्याचं नाव तो नेमकं घेऊ शकतो अशाच गोष्टीवर. दगडाचा हिरा भासवणं सोपं, पण खरोखर हिरा करायचा तर त्याचं नाव बदलावं लागतं, आणि नाव बदललं की जगाचा तोल बदलतो. एका बेटावर पाऊस पाडला तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो. जनावराचं रूप घेता येतं, पण त्यात फार काळ राहिलं की माणूस उरत नाही. अस्वल होण्याची आवड असलेल्या एका जादूगाराची चार ओळींची हकिगत पहिल्या पुस्तकात आहे, ती कितीतरी मोठ्या भयकथांना भारी आहे. वैद्यकीचा नियमही स्पष्ट: जखम भरावी, रोग बरा करावा, पण निघालेल्या जिवाला अडवू नये. गेड तो मोडतो आणि त्याची किंमत मोजतो. असे नियम वाचकाला आधी कळतात, मग मोडले जातात, मग परिणाम दिसतात. पुढे अचानक नवी शक्ती सापडून संकट टळलं, असं पहिल्या तीन पुस्तकांत कुठेही होत नाही.

पहिलं पुस्तक, ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’. गाँट बेटावरचा शेळ्या राखणारा मुलगा, अंगात अफाट ताकद आणि तितकाच ताठा. ओगियन नावाचा अबोल जादूगार त्याला शिष्य करून घेतो. पाऊस पडत असताना ओगियन मंत्र टाकून ढग परतवत नाही. झाडाखाली आडोसा घेऊन भिजत पडून राहतो. ताकद असून वापरायची नाही, तर ती असण्याचा उपयोग काय, असं पोराला वाटतं. सबंध पुस्तक हे या प्रश्नाचं उत्तर आहे. ले ग्विनबाईंचा ताओ या प्राचीन चिनी विचाराशी जुना संबंध होता, १९९७ साली त्यांनी ‘ताओ ते चिंग’ची स्वतःची इंग्रजी आवृत्तीही काढली, त्या विचाराचा शांतपणा या प्रकरणांत मुरलेला आहे.

हॅरी पॉटरनंतर इकडे येणाऱ्यांनी एक अपेक्षा आधीच सोडावी. जादूची शाळा इथेही आहे, पण दहा प्रकरणांपैकी जेमतेम दोन तिथे घडतात. गेड एका वेड्या स्पर्धेपायी रोकच्या टेकडीवर मेलेल्या राणीला बोलावतो, त्या फटीतून एक सावली बाहेर येते, आणि पुढचं पुस्तक म्हणजे आधी सावली त्याच्या मागे, मग तो सावलीच्या मागे. बरेच वाचक पहिल्या दोन प्रकरणांत अडखळतात. कारण निवेदन जुन्या आख्यानासारखं आहे: वरून, दुरून, संवाद कमी, बेटांच्या नावांची रास. नावं लक्षात ठेवायचा प्रयत्न करू नका. गाँट, रोक आणि हॅव्हनॉर एवढी तीन बेटं नकाशावर शोधा, बाकीची गेडच्या होडीबरोबर आपोआप कळतात. तिसरं प्रकरण पूर्ण केल्याशिवाय पुस्तक खाली ठेवू नका. कमजोरी सांगायची तर जॅस्पर हा प्रतिस्पर्धी काम झाल्यावर गोष्टीतून जवळपास गायब होतो, आणि ऑस्किल बेटावरची सेरेट ही मोह घालणारी बाई अगदी ठरावीक साच्यातली आहे. याच पुस्तकात गाँटच्या लोकांच्या तोंडी दोन म्हणी आहेत, बायकांच्या जादूला एक दुबळी ठरवते, दुसरी दुष्ट. त्यांच्याखाली पेन्सिलने खूण करून ठेवा. चौथ्या पुस्तकात लागेल.

दुसरं, ‘द टूम्ब्स ऑफ आटुआन’ (१९७१), सहांत सर्वांत रेखीव. इथे समुद्र नाही, होडी नाही. वाळवंटातलं एक देवस्थान आणि त्याखालचा चक्रव्यूह. पाच वर्षांच्या टेनारला घरातून उचलून आणतात, तिचं नाव काढून घेतात आणि अनाम शक्तींची पुजारीण करतात. भुयारात दिवा न्यायला बंदी, त्यामुळे ती सगळे रस्ते भिंतीला हात लावून आणि वळणं मोजून शिकते. आपण चार प्रकरणं तिच्याबरोबर त्या अंधारात चालतो. पाचव्या प्रकरणात तिथे कुणीतरी उजेड केलेला तिला दिसतो, आणि जन्मभर हाताने ओळखलेली जागा दिसते कशी, हे ती पहिल्यांदा पाहते. एखादी माहीत असलेली खोली पहिल्यांदा दिसणं, एवढ्याच घटनेवर इतकं थरारक लिहिलेलं फार थोडं सापडेल. इथला धोका असा की गेडच्या साहसांची ओढ लागलेला वाचक ‘गेड कुठे आहे?’ म्हणत पानं पलटू लागतो. तो पुस्तकाच्या अर्ध्याआधी ठळकपणे येत नाही, आणि यावा अशी घाई केली तर त्या उजेडाचा परिणाम हरवतो. हे पुस्तक दोन बैठकांत वाचावं, पहिली बैठक चौथ्या प्रकरणाअखेर थांबवावी.

‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२) हे तिसरं. याला १९७३ साली बालसाहित्यासाठीचं अमेरिकेतलं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. जगातून जादू ओसरते आहे. गाणारे गाणी विसरतात, कारागिरांचे हात थबकतात, आणि महागुरू झालेला गेड एका तरुण राजपुत्राला घेऊन कारण शोधायला निघतो. मधला भाग ढिला आहे, हे मान्य करायला हवं. बेटामागून बेट येतं, कुठेच काही ठरत नाही, राजपुत्र ॲरनचं मन खचत जातं आणि त्याच्याबरोबर आपलंही. हा कंटाळा काही अंशी हेतुपूर्वक आहे, कारण जगातला रस आटण्याचीच ती गोष्ट आहे. पण तरी तीसेक पानं कमी चालली असती. तराफ्यांवर राहणाऱ्या लोकांपर्यंत पोचलात की पुढे अडत नाही. शेवटच्या प्रकरणांतला मृतांचा कोरडा देश विसरता येत नाही: तारे हलत नाहीत, बाजारात आवाज नाही, आणि ज्यांनी प्रेमापायी जीव दिला ते रस्त्यात समोरासमोर येऊनही एकमेकांना ओळख देत नाहीत. मेल्यावर माणसांच्या वाट्याला असं का यावं? हा प्रश्न तिसऱ्यात कुणी विचारत नाही. तो सहाव्यात विचारला जातो, २९ वर्षांनी.

आता ‘टेहानू’. तिसरं आणि हे यांच्या छपाईत १८ वर्षांचं अंतर आहे, गोष्टीत मात्र खंड नाही. तिसऱ्याच्या शेवटचे दिवसच इथे पुढे चालू होतात. पण उभं राहण्याची जागा बदलली आहे. टेनार आता मध्यम वयाची विधवा शेतकरीण आहे. आई-बापानेच अत्याचार करून आगीत टाकलेली एक लहान मुलगी ती सांभाळते. गेड येतो तो ताकद संपलेला, लाजेने लपू पाहणारा. राजा आणि महागुरू पार्श्वभूमीला गेले. पुढे आल्या शेळ्या, सूतकताई, कांदे, पाणी भरणं, दाराला रात्री कडी लावणं.

बहुतेक तक्रार इथे होते: साहस कुठे गेलं? साहस आहे, पण भीतीची जात बदलली आहे. पहिल्या तीन पुस्तकांत धोका दूरच्या बेटावर असायचा आणि तिथे जायला जादूगाराची काठी असायची. इथे धोका शेताच्या वाटेवर उभा असतो आणि हातात काठी नाही. गावगुंड, बायकांना तुच्छ मानणारा जहागीरदाराचा जादूगार, घरी परत आलेला आणि आपलं ताट उचलणं बायकी काम समजणारा मुलगा, ही माणसं कुठल्याही सावलीपेक्षा ओळखीची असल्यामुळे जास्त अंगावर येतात. पेन्सिलने खूण केलेल्या त्या दोन म्हणी आता परत वाचा. रोकच्या विद्यापीठात मुलगी का नाही? गावातल्या चेटकिणीचं ज्ञान ज्ञान का नाही? पुरुषाची ताकद गेली की त्याचं काय उरतं, आणि बाईची ताकद म्हणतात ती नेमकी काय असते? टेनार आणि मॉस ही म्हातारी चेटकीण यांच्यातल्या गप्पांत हे प्रश्न येतात, भाषणांत नाही. मॉसच्या उत्तरांशी टेनार पूर्ण सहमत नसते, आणि लेखिका कुणालाच शेवटचा शब्द देत नाही. ले ग्विनबाईंनी १९९२ साली ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात या वळणाबद्दल स्वतः सविस्तर सांगितलं आहे. साहसकथेतला नायक पुरुषच असण्याची सवय आपल्याही लेखणीत कशी भिनली होती, याची ती मोकळी चिकित्सा आहे. ‘टेहानू’ला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा नेब्युला पुरस्कार मिळाला. शेवट मात्र फार झटपट होतो. इतका वेळ हळूहळू आवळत आणलेली गाठ काही पानांत, बाहेरून मदत येऊन सुटते. ही या पुस्तकातली खरी त्रुटी. तरीही सहांतलं सर्वांत थोर पुस्तक कुठलं, तर हेच.

एक महत्त्वाची सूचना. ‘टेहानू’च्या जुन्या प्रतींवर ‘अर्थसीचं शेवटचं पुस्तक’ अशा अर्थाचं उपशीर्षक आहे. तेव्हा ते खरं होतं. आता नाही.

पाचवं पुस्तक, ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’, पाच कथांचं. कथासंग्रह म्हणून हे टाळून थेट सहाव्याकडे जाणारे बरेच असतात, आणि मग सहाव्यात आयरियन नावाची बाई दिसली की गोंधळतात. तिची गोष्ट ‘ड्रॅगनफ्लाय’ या शेवटच्या कथेत आहे. ती न वाचता सहावं उघडू नये. ‘द फाइंडर’ ही सर्वांत लांब कथा रोकची स्थापना सांगते, आणि त्यात कळतं की ज्या शाळेचं दार बायकांना बंद होतं ती उभारण्यात बायकांचा हात केवढा होता. ‘द बोन्स ऑफ द अर्थ’मध्ये तरुण ओगियन आणि त्याचा गुरू भूकंप थांबवतात, पंचवीस-तीस पानांत गुरू-शिष्य नात्याबद्दल इतकं सांगणारी कथा शोधून सापडत नाही. ‘ऑन द हाय मार्श’ शांत आणि चांगली. ‘डार्करोझ अँड डायमंड’ हलकी आहे, वेळ नसेल तर तीच एक सोडावी.

‘द अदर विंड’ हे सहावं. ऑल्डर नावाचा साधा माणूस, फुटकी भांडी सांधण्यापुरती जादू येणारा. मेलेली बायको रोज स्वप्नात येऊन कोरड्या देशाच्या दगडी कुंपणापलीकडून त्याला हाक मारते, म्हणून तो झोपेला घाबरतो. त्याच्या कुशीत एक मांजराचं पिल्लू दिलं जातं, कारण जिवंत उबेचा स्पर्श असला की स्वप्न दूर राहतं. इतक्या लहान, घरगुती उपायापासून सुरू झालेली गोष्ट सबंध जगाच्या रचनेपर्यंत जाते. पहिल्या पुस्तकात एका परिच्छेदात दिसलेलं ते बुटकं दगडी कुंपण आता मध्यभागी येतं: ते बांधलं कुणी, कशासाठी, आणि त्याची किंमत कोण मोजतंय? ड्रॅगन, कार्ग, जादूगार, सगळ्यांच्या जुन्या समजुती एकमेकींसमोर ठेवल्या जातात. पुस्तकात बोलणं खूप आहे, सल्लामसलती आहेत, आणि राजा लेबॅनन (तिसऱ्यातला राजपुत्र ॲरन) आणि कार्ग राजकन्या यांचं प्रकरण अपेक्षेप्रमाणेच संपतं. आधीची पाच वाचलेल्याला या बोलण्यातली प्रत्येक ओळ वजनदार वाटेल. एकटं वाचायला घेतलं तर काहीच हाती लागणार नाही.

विकत घेताना अनुक्रमणिका बघून घ्या, कारण एकत्रित आवृत्त्या तीन प्रकारच्या फिरतात. ‘द अर्थसी ट्रिलॉजी’ नावाच्या जुन्या पुस्तकात फक्त पहिली तीन आहेत. ‘द अर्थसी क्वार्टेट’ या पेंग्विनच्या जाडजूड पेपरबॅकमध्ये चार आहेत, ‘टेहानू’सकट, ती घेतलीत तर पाचवं आणि सहावं वेगळं घ्यावं लागेल. अक्षर बारीक आहे आणि मधली पानं सपाट उघडत नाहीत, नकाशे तर पार शिवणीत जातात. तिसरी म्हणजे ‘द बुक्स ऑफ अर्थसी’, २०१८ साली पहिल्या पुस्तकाला पन्नास वर्षं झाली तेव्हा निघालेली सचित्र आवृत्ती. सहाही पुस्तकं, १९६४ सालच्या दोन सुरुवातीच्या कथा, ‘द डॉटर ऑफ ओड्रेन’ आणि ‘फायरलाइट’ या नंतरच्या दोन कथा, आणि ते ऑक्सफर्डचं व्याख्यान, सगळं एका जागी. चार्ल्स व्हेस यांची चित्रं लेखिकेशी चर्चा करून काढलेली आहेत आणि गेडचा वर्ण अखेर योग्य आहे. या आवृत्तीला चित्रांसाठी २०१९ साली ह्यूगो पुरस्कारही मिळाला. पण हे हजारेक मोठ्या पानांचं पुस्तक आहे. लोकलमध्ये नेता येत नाही, आडवं पडून वाचता येत नाही. टेबलावर ठेवूनच वाचावं लागतं. मालिका पहिल्यांदाच वाचणाऱ्याने सुटी पुस्तकं घ्यावीत, आवडली तर नंतर हे घरी आणावं. आणि यात १९६४ च्या कथा शेवटी छापल्या आहेत, तिथेच राहू द्या. ‘द रूल ऑफ नेम्स’ आधी वाचली तर पहिल्या पुस्तकातल्या पेंडोरच्या ड्रॅगनशी गेडची जी बोलाचाली होते, तिच्यातली मेख आधीच कळते.

ई-बुक चालेल, पण छोट्या पडद्यावर नकाशा वाचताच येत नाही. नकाशा मोठ्या कागदावर छापून पुस्तकात घडी घालून ठेवा. ऐकायची आवड असेल तर पहिल्या तिन्ही पुस्तकांचं रॉब इंग्लिस यांनी केलेलं वाचन चांगलं आहे. या गद्याला कानाची लय आहे, आणि डोळ्याने वाचताना लांब वाटणारी वाक्यं ऐकताना सरळ उलगडतात. इंग्रजीची सवय कमी असलेल्यांनाही मालिका जमण्यासारखी आहे. शब्द साधे, बरेचसे छोटे. अडचण येते ती वाक्यरचनेची आणि समुद्राच्या शब्दांची. शीड, सुकाणू, भरती-ओहोटी, वाऱ्याच्या दिशा यांचे दहा-पंधरा इंग्रजी शब्द सुरुवातीला पाहून ठेवले की पुढे शब्दकोश क्वचित लागतो.

मुलांसाठी: पहिलं पुस्तक अकरा-बारा वर्षांपासून, दुसरं त्याच्या मागोमाग. प्रकाशकाने पहिलं पुस्तक मागितलंही होतं थोड्या मोठ्या मुलांसाठी. तिसऱ्यात मृत्यू आणि नशा आहे, तेरा-चौदाच्या पुढे बरं. ‘टेहानू’ सोळाच्या आत देऊ नये. लहान मुलीवरचा अत्याचार पानावर घडताना दाखवलेला नाही, पण त्याच्या खुणा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आहेत. संच एकदम भेट देताना हे लक्षात असू द्या, कारण संच सरसकट बालवाचकांचा समजला जाऊ शकतो.

पडद्यावरची रूपांतरं पुस्तकांआधी बघू नयेत. २००४ सालच्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत पहिल्या दोन पुस्तकांची सरमिसळ झाली आणि गेड गोरा झाला. ले ग्विनबाईंनी त्याचा जाहीर निषेध केला. २००६ सालच्या स्टुडिओ जिब्ली या जपानी ॲनिमेशन संस्थेच्या चित्रपटात दृश्यं सुंदर आहेत, पण तिसऱ्या-चौथ्याचे तुकडे जोडून वेगळीच गोष्ट बनवली आहे, आणि शेवट तलवारीने होतो. ‘अर्थसी’त प्रश्न तलवारीने सुटत नाहीत, एवढ्यावरून काय ते कळावं.

सहा संपल्यावर काय, हे कुठल्या पुस्तकात जीव जास्त रमला यावर ठरवा. पहिल्यात रमला असेल तर पॅट्रिशिया मॅककिलिप यांची ‘द फॉरगॉटन बीस्ट्स ऑफ एल्ड’ (१९७४), एकच छोटं पुस्तक, नावांची आणि सत्तेचीच गोष्ट. दुसऱ्यातल्या चक्रव्यूहाने झपाटलं असेल तर सुझाना क्लार्क यांची ‘पिरानेसी’ (२०२०). ‘टेहानू’ मनात घर करून राहिली असेल तर ले ग्विनबाईंचीच ‘लॅव्हिनिया’ (२००८), व्हर्जिलच्या महाकाव्यात जिला बोलायला एक ओळही मिळत नाही त्या राजकन्येच्या तोंडून सांगितलेली. आणि तिसऱ्यातला कोरडा देश, न संपणारा प्रवास, आख्यानाचा तो गंभीर सूर आवडला असेल तर मराठीत जी. ए. कुलकर्णींचा ‘रमलखुणा’ उघडा. ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन्ही दीर्घकथा लागोपाठ, मध्ये दुसरं काही न वाचता.